नवाबाला हळद लागली

नवाबाच्या पांढऱ्याशुभ्र अंगावर हळदीचा पहिला पंजा उमटला, तेव्हा बद्रीनाथ शेजूळ सर फाटकाशी खुर्च्यांच्या गाडीवाल्याशी हुज्जत घालत होते. त्यांना तो पंजा दिसला नाही. ते पार्किंगमध्ये परत आले तोवर नात्यातल्या, शेजारच्या आणि केवळ गाणी ऐकून आत शिरलेल्या अशा सगळ्या बायांचे हात उमटून झाले होते. व्याह्यांचा घोडा शांतपणे शेपटी हलवत उभा होता आणि त्याची उजवी बाजू मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत पिवळीधमक झाली होती. डावी बाजू वाचली, कारण तिकडे मोटारसायकली लावलेल्या होत्या आणि बायांना उभं राहायला जागा नव्हती.

"हे कुणी केलं?" सरांनी विचारलं. आवाज वर्गातला काढायचा होता, पण तो मध्येच फाटला.

"म्या केलं," त्यांची थोरली बहीण लक्ष्मीबाई पुढं आली. ती अजिंठ्याहून आठवडाभर आधीच येऊन लग्नाची सूत्रं हातात घेऊन बसली होती. "सोयऱ्याच्या दारातनं आलाय तो. त्याच्या पाठीवर नवरदेवाची उष्टी हळद आली. मुकं जनावर झालं म्हणून काय मान द्यायचा नाय? ओवाळलं, हळद लावली. चुकलं काय?"

चुकलं काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. व्याह्यांकडची रीतच तशी. आदल्या दिवशी उष्टी हळद घोड्यावरून नवरीच्या दारी यायची, घोडा रात्रभर तिथंच राहायचा आणि दुसऱ्या दिवशी नवरीकडच्यांनी तो सजवून नवरदेवाकडे न्यायचा. मग नवरदेव त्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला आणि तिथून मांडवाकडे निघायचा. या मिरवणुकीला परण्या म्हणतात. परण्याचा घोडा पिवळा असू नये असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही, पण इंद्रजीतरावांच्या शास्त्रात ते पहिल्याच पानावर असणार, याबद्दल सरांना शंका नव्हती.

इंद्रजीतराव म्हणजे नवरदेवाचे वडील. पडेगावच्या पुढं शेती, मिशी भरघोस आणि बोलणं फार कमी. त्यांचा विश्वजीत आणि सरांची अपेक्षा यांनी आपापसात लग्न ठरवलं, तेव्हा हा माणूस वर्षभर नुसता "बघू" म्हणत होता. मास्तराची पोरगी करून घ्यायची म्हणजे त्यांना दोन पायऱ्या उतरल्यासारखं वाटत असावं. शेवटी एकदा हो म्हणाले, पण जाता जाता एक वाक्य टाकून गेले. "मास्तर, आमच्या मानपानात कुठं कमी पडलं, तर मग..." एवढं म्हणून ते जीपमध्ये बसले. ते 'तर मग' पुरं न झाल्यामुळे सरांची झोप गेली होती. त्या टिंबांच्या जागी रोज नवं काहीतरी बसत असे, आणि सगळ्याच्या शेवटी अपेक्षा मांडवात एकटी उभी असे.

आणि अशा माणसानं आपला नवाब पाठवला होता. नवाब म्हणजे त्यांचा जीव. एकही डाग नसलेला घोडा साऱ्या तालुक्यात माझाच, असं ते चारचौघांत सांगत, आणि ते बढाईनं बोलले असं त्यांच्या आयुष्यात तेवढंच. घोडा घेऊन आलेला त्यांचा गडी बन्सी दारात दोर बांधून म्हणाला होता, "सर, चारा टाका, पान्याची बादली ठेवा. पर अंगाला पानी लावू नका. म्या मुकुंदवाडीला बहिनीकडं जाऊन दिवस बुडायच्या आत येतो, मग बघतो त्याचं." सरांना वाटलं, खानदानी घोडा आहे, सर्दी होत असेल.

सर अजून त्या पंज्यांकडे बघत होते तेवढ्यात इंद्रजीतरावांचा फोन आला, आणि तोही व्हिडिओचा.

"मास्तर, नवाब पोचला का?"

"पोचला, पोचला! मजेत आहे," सर मोटारसायकलींमधून अंग चोरत घोड्याच्या डाव्या बाजूला पोचले आणि तिथून त्यांनी फोन धरला.

"उजवी बाजू दाखवा की."

"उजवीकडून... ऊन येतंय. काही दिसणार नाही."

"बन्सी कुठाय? फोन उचलत नाय तो."

"बहिणीकडे गेलाय."

"बरं," इंद्रजीतराव म्हणाले, आणि फोन बंद झाला. त्या 'बरं'मध्ये सरांना अर्धं लग्न मोडलेलं ऐकू आलं.

"अहो, घाबरता काय? धुऊन टाकू," सरांच्या पत्नी रूपाताई म्हणाल्या. त्यांनी सबंध संसार याच एका वाक्यावर चालवला होता. अपेक्षा पहिल्या मजल्याच्या गॅलरीत आली. हळद लागलेल्या नवरीनं उंबरठा ओलांडायचा नाही असा आत्याचा हुकूम असल्यामुळे ती तिथूनच ओरडली, "पप्पा, तुम्ही काही करू नका! बन्सीकाकांना येऊ द्या!" ही त्या दिवसातली एकमेव शहाणी सूचना होती, त्यामुळे ती कोणीही ऐकली नाही.

धुवायचं म्हणजे पाणी हवं. गारखेड्यातल्या त्या सोसायटीत नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना पेढे द्यायचे तेवढे बाकी होते. टाकीच्या व्हॉल्व्हला कुलूप असे आणि किल्ली सोसायटीचे अध्यक्ष अतुल बोर्डे यांच्याकडे असे. अतुल हा सरांचा जुना विद्यार्थी. आठवीत सरांनी त्याला विज्ञानात एकदा नापास केलं होतं, आणि तो अध्यक्ष झाल्यापासून सरांना ती गोष्ट वरचेवर आठवत असे.

"सर, तुमच्यासाठी जीव देईन," अतुल म्हणाला. "पण पाणी नाही देता येत. पाणी सभासदांसाठी आहे. घोडा सभासद नाही."

"पाहुणा आहे."

"पाहुण्यांना पिण्यापुरतं, असा ठराव आहे. अंघोळीचा पाहुणा यात बसत नाही. आणि कुणी हरकत घेतली तर माझं अध्यक्षपद जातं. सभासदांच्या सह्या आणा, मी डोळे झाकून किल्ली देतो."

निवृत्त मुख्याध्यापक बद्रीनाथ शेजूळ यांनी मग हातात कागद घेऊन दारोदार घोड्याच्या अंघोळीची भीक मागितली. प्रत्येक दारात सही मिळाली, पण सहीबरोबर एक सल्लाही मिळाला. कोणी रॉकेल सांगितलं, कोणी टूथपेस्ट. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर आपल्या गाडीचं पॉलिश काढून दिलं. सरांनी जनावरांच्या दवाखान्यालाही फोन करून पाहिला. तिथल्या माणसानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की हळद हा आजार नाही, आणि घोडा आजारी पडल्याशिवाय डॉक्टरांना सांगता येणार नाही.

सह्या झाल्या, कुलूप उघडलं. सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत नवाबाला उभं केलं. रूपाताईंनी कपडे धुण्याची पावडर बादलीत सढळ हातानं टाकली, सरांनी बाही वर करून फेस केला आणि घोड्याच्या कुशीवर जोरात चोळला.

पिवळा रंग गेला. त्याच्या जागी लालभडक रंग आला.

जमलेल्या बायांनी एकदम श्वास आत ओढला. नवाब आता लढाईतून जखमी होऊन परतल्यासारखा दिसत होता. सर हातातल्या लाल फेसाकडे बघत राहिले. आणि मग त्यांना आठवलं. हळद हा नैसर्गिक दर्शक आहे. आम्लारीत तिचा रंग लाल होतो. तीस वर्षं त्यांनी हे फळ्यावर लिहिलं होतं, हळदीच्या कागदावर साबणाचा थेंब टाकून दाखवला होता, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"सर," अतुल हळूच म्हणाला, "हे आठवीला होतं."

"माहीत आहे मला."

"मला हाच प्रश्न चुकला होता."

माणसाच्या आयुष्यात काही क्षण असे येतात की मान खाली घालून लिंबं आणायला सांगावी. उद्याच्या सरबताची सगळी लिंबं खाली आली. आम्ल लावलं की रंग मूळपदावर येतो हे सरांना आता नको तितकं स्पष्ट आठवत होतं. बायांनी लिंबं कापली, सरांनी पिळली, घोड्यानं मधूनमधून साली खाल्ल्या. लाल गेला आणि पिवळा परत आला. फिकट होता, पण पिवळाच. म्हणजे एवढ्या खटपटीनंतर प्रकरण जिथं सुरू झालं होतं तिथंच येऊन बसलं होतं. फक्त पाणी संपलं होतं, लिंबं संपली होती आणि मागच्या जागेत कढीलिंबाच्या झाडापर्यंत चिखल झाला होता.

इंद्रजीतरावांचा फोन पुन्हा वाजला. सरांनी तो वाजू दिला. मग पुन्हा वाजला.

"अवं, निळीत काढा की त्याला," तळमजल्यावरच्या चंपाबाई म्हणाल्या. "पांढऱ्या धोतराला आपण नाय का नीळ देत? पिवळेपना कुठल्या कुठं जातो." बोलणं इतकं सरळ होतं की सरांनी विचार केला नाही. विचार करण्याची त्यांची ताकदही संपली होती. चंपाबाईंनी स्वतःची बाटली आणली आणि स्वतःच ओतली.

पिवळ्यात निळा मिसळला की काय होतं हे आठवीच्याही आधी शिकवतात.

नवाब हिरवा झाला. अगदी गडद नाही, पोपटी म्हणता येईल असा. या शहरात रंग म्हणजे नुसता रंग नसतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मघाशी लाल झाला तेव्हा लोकांनी नुसता श्वास आत ओढला होता. आता एकेकानं मागं वळून रस्त्याकडे पाहिलं.

"सर," अतुल घाम पुसत म्हणाला, "उद्या परण्या मेन रोडवरून जाणार. असा घोडा नेला तर एका चौकात हार घालतील आणि पुढच्या चौकात अडवतील. मी अध्यक्ष या नात्यानं सांगतो, याला आत घ्या."

"आत कुठं घेऊ? हॉलमध्ये?"

लक्ष्मीबाई मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. "माझ्या हातानं पोरीचं वाटोळं झालं रं बद्री," ती म्हणाली. मघापर्यंत सरांना तिचा राग होता. आता तिचे पिवळे हात बघून त्यांना रडूच यायला लागलं, आणि आपण रडलो तर सगळंच संपलं, म्हणून ते टँकर बोलवायला धावले.

टँकर आला. मठ्ठ्यासाठी आणलेलं दही आलं, बेसन आलं. रूपाताईंनी दोन्ही कालवून घोड्याला असं चोळलं की पोटच्या पोरीला एवढं उटणं लावलं नव्हतं. आणि मग सरांना दिवसभरातली पहिली कामाची गोष्ट सुचली. हळदीचा रंग उन्हात उडतो! आणि मे महिन्यातलं ऊन गारखेड्यात कोणाच्या सह्यांशिवाय मिळत होतं. धुवायचं, उन्हात उभं करायचं, स्वतः छत्री घेऊन घोड्याच्या डोक्यावर सावली धरायची, पुन्हा धुवायचं. सर उन्हात भाजून निघाले. घोडा मात्र हळूहळू, अगदी हळूहळू पांढरा होत गेला. ऊन कलतीला आलं तेव्हा नवाब पुन्हा पांढरा होता. वरून अपेक्षानं टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात रूपाताई म्हणाल्या, "अहो, हे काय?"

उजव्या पुठ्ठ्यावर, शेपटीच्या थोडं पुढं, भाकरीएवढा काळपट डाग होता. सरांनी साबण लावला. डाग गेला नाही. लिंबाची उरलेली साल चोळली, दही लावलं, नखानं खरवडून पाहिलं. नवाबानं नाराजीनं पाय आपटला, पण डाग तसूभर हलला नाही. पावडर, मग लिंबू, मग नीळ आणि त्यावर ऊन. आपण घोडा भाजला. व्याह्यांचा एकुलता एक अभिमान आपण जन्मभराचा डागाळून ठेवला.

आणि फाटकाशी जीप थांबली.

इंद्रजीतराव एकटेच उतरले. डोक्याला टोपी नव्हती, हे सरांनी प्रथमच पाहिलं. ते कोणाशी न बोलता घोड्याकडे गेले, त्याच्या मानेवरून हात फिरवला, त्याला वळसा घातला आणि उजव्या पुठ्ठ्याशी येऊन जागच्या जागी थांबले. त्यांचा चेहरा उतरला. सरांनी दुपारपासून मनात घोकलेलं भाषण सुरू केलं, "इंद्रजीतराव, सर्वस्वी चूक माझी..." पण इंद्रजीतरावांनी त्यांचा दंड धरला आणि त्यांना टँकरच्या आड नेलं.

"मास्तर, हे कुणाकुणी बघितलं?"

"सगळ्यांनीच. मी काय सांगू तुम्हाला, पावडर लावायला नको होती, माझ्या हातून तो भाजला..."

"भाजला?" इंद्रजीतरावांनी आवाज दाबला. "मास्तर, जन्माचा डाग हाय त्यो. शंखजिऱ्याची पांढरी पूड खोबरेलात कालवून आम्ही झाकतो रोज. मला आन बन्सीला सोडून कुनाला म्हाईत नाय. पुठ्ठ्यावरचा काळा म्हंजी खोड. असलं जनावर दारात असलं की घरात सून टिकत नाय, असं आमच्याकडची जुनी मानसं म्हनत्यात. मी नाय मानत. पर पोरीच्या बापानं मानलं तर? तुमी उजवी बाजू दाखवंना, फोन उचलंना. म्या म्हनलं, मास्तरला कळलं. आता लग्न मोडतोय मास्तर. म्हनून पळत आलो."

सरांना आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि वर्षभर वाकलेली मान त्यांना एकदम सरळ झाल्यासारखी वाटली. वर्षभर हा माणूस 'बघू' म्हणत होता! वर्षभर आपण 'तर मग'च्या पुढची टिंबं भरत बसलो होतो! आता ते वाक्य आपल्याला पुरं करता येईल, अगदी सावकाश, मिशीकडे बघत. सरांनी तोंड उघडलंही. पण समोरच्या माणसानं त्यांचा दंड अजून सोडला नव्हता. सरांनी वर पाहिलं. गॅलरीत अपेक्षा कठडा घट्ट धरून उभी होती. सरांचा राग तिथंच विरला. पोराच्या बापालाही रात्र रात्र झोप लागत नसेल, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तेवढ्यात मागून आणखी एक गाडी आली आणि इंद्रजीतरावांचे चुलतभाऊ साहेबराव उतरले. या माणसाच्या जिभेला सारी भावकी टरकून होती. त्यांनी उतरताच घोड्याकडे पाहिलं. "इंद्रा! पुठ्ठ्यावर काळं कशाचं?"

इंद्रजीतरावांनी सरांकडे पाहिलं.

"माझ्यामुळे झालं," सर पुढं होऊन मोठ्यानं म्हणाले. दिवसभर जो गुन्हा लपवायला ते धडपडले, तो आता केलेला नसताना त्यांनी सोसायटीसमोर कबूल केला. "हळद लागली होती. मी रसायनशास्त्राचा माणूस, म्हटलं प्रयोग करावा. भाजलं."

"पण सर, तो डाग तर आधीपासूनच..." अतुल बोलायला लागला. पुठ्ठ्याला चिकटलेला एक पांढरा तेलकट थर साबणात सुटताना त्यानं पाहिला होता.

"अतुल, गप्प बस!" सर गरजले. तो आठवीत बसावा तसा गप्प बसला.

साहेबरावांनी मग मास्तर लोकांच्या अकलेचा पूर्ण पंचनामा केला. सरांनी मान खाली घालून तो ऐकला. आपल्या अब्रूचे धिंडवडे निघताना माणसाला इतकं हलकं वाटू शकतं याचं त्यांना आश्चर्य वाटत होतं. दिवस बुडायच्या आत बन्सी पुडीची डबी घेऊन धावत आला, पण आता तिचा उपयोग नव्हता. भाजलेलं एका रात्रीत बरं कसं झालं, असं साहेबरावांनी विचारलं असतं. रात्री जेवताना सरांनी अपेक्षाला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "पप्पा, सून टिकायची की नाही ते मी बघते. घोड्यावर काय टाकता?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी परण्या निघाला. बँड वाजत होता, विश्वजीत नवाबावर ताठ बसला होता. झूल अंगावर टाकली की नवाब उधळायचा, त्यामुळे पुठ्ठा उघडाच होता. साहेबरावांनी भेटेल त्याला गाठून मास्तरांचा प्रयोग सांगितला होता, आणि लोक वाकून वाकून घोड्याची उजवी बाजू बघत होते, मग सरांकडे बघून हसत होते. सर मागं मागं चालले होते. अंगावरचा नवा सदरा त्यांना टोचत होता.

"शेजूळ सर, पुढं या," इंद्रजीतराव म्हणाले. ते स्वतः घोड्याच्या उजव्या अंगाला डाग झाकून चालत होते. ते 'मास्तर' म्हणाले नाहीत हे सरांच्या आधी रूपाताईंच्या लक्षात आलं. सर पुढं गेले. दोघे व्याही खांद्याला खांदा लावून चालू लागले.

"बघा, बघा," साहेबराव बँडच्या वर आवाज काढून म्हणाले, "घोड्याचा सत्यानाश केला या मास्तरानं, आन इंद्रा त्याच्याच खांद्याला खांदा लावून चाललाय! अक्कल नसलेल्या घरातली पोरगी आनायची म्हनल्यावर..."

इंद्रजीतराव थांबले. घोडा थांबला, विश्वजीत थांबला, बँडवाल्यांनीही वाजवणं थांबवलं.

"पुरे, साहेबराव," ते म्हणाले. "सरांनी काय नाय केलं. डाग माझ्याच घोड्याचा हाय. जन्माचा. म्या पूड फासून झाकत होतो, आन माझी लाज राखायला या मानसानं काल सगळ्यांचं ऐकून घेतलं."

साहेबरावांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग इंद्रजीतरावांकडे. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"म्हंजी खोडीचा हाय? त्याच्यावर नवरदेव बसवला तू? आन पोरीच्या बापाला चालतंय हे?"

सगळ्या माना सरांकडे वळल्या. पोरीच्या बापाला काय चालतं असं या साऱ्या लग्नात त्यांना कोणी पहिल्यांदाच विचारलं होतं. उत्तर जरा कडकच निघालं.

"चालतंय," सर म्हणाले. "पोरीला विचारलंय, तिलाही चालतंय. आता बँड वाजवा, ती तिकडं हार घेऊन उभी आहे."